चकचकीत मान, चिकटलेली गोळी

महोदय,

घरी भरलेली काडतुसे बराच काळ डब्यात राहिली की गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाला, चिकटून बसते, असे आपल्या पुरवणीतील नेमबाजीच्या टिपणात म्हटले आहे. ते खरे आहे. मात्र कारण म्हणून ‘कोल्ड वेल्डिंग’ (उष्णतेशिवाय धातूला धातू जुळणे) आणि उपाय म्हणून ‘पुंगळ्या आतून अधिक स्वच्छ करा’ असे जे लिहिले आहे, त्यातले कारण अर्धेच बरोबर आहे आणि उपाय तर नेमका उलटा आहे. आतून आरशासारख्या घासलेल्या पुंगळ्यांतच ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. ज्या देशात, ज्या परवान्यावर रिलोडिंग (वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणे) करता येते तिथले नियम पाळूनच हे काम होते असे धरून, पुढे फक्त तांत्रिक बाजू मांडतो.

रायफलीची पुंगळी साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. गोळीच्या शिसाच्या गाभ्यावरचे जॅकेट ९५ किंवा ९० टक्के तांबे आणि उरलेले जस्त अशा मिश्रधातूचे असते. म्हणजे दोघे एकाच घराण्यातले. .३०८ इंच व्यासाची गोळी ७.८२ मिलिमीटर जाडीची. ती मानेत साडेसहा मिलिमीटर उतरली तर धातूला धातू लागण्याचे क्षेत्र सुमारे १६० चौरस मिलिमीटर होते. अंगठ्याच्या नखाएवढा हा पट्टा. गोळी बसवण्यापूर्वी मान गोळीपेक्षा किंचित अरुंद केलेली असते आणि तो फरक बहुतेक वेळा ०.००१ ते ०.००३ इंच ठेवतात. हीच मानेची पकड. फरक यापुढे नेला म्हणून पकड त्या प्रमाणात वाढत नाही. पितळ आपल्या लवचिकतेची हद्द ओलांडते आणि गोळीच मानेला ताणून मोठी करते. ‘जास्त पकड म्हणजे जास्त सारखेपणा’ हा समज इथेच फसतो.

आता चिकटण्याकडे येऊ. खरे कोल्ड वेल्डिंग व्हायला धातूचे पृष्ठभाग ऑक्साइडविरहित, उघडे आणि दाबाखाली हवेत. निर्वात पोकळीत ते सहज होते. आपल्या हवेत प्रत्येक धातूवर काही क्षणांत ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो आणि तो आड येतो. पण गोळी मानेत ढकलताना काय होते ते पाहा. दोन्ही पृष्ठभाग दाबून एकमेकांवर घासले जातात, पापुद्रा खरवडला जातो आणि मध्ये हवा शिरायला जागा नसते. सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांना उघडे पितळ उघड्या जॅकेटला भिडते. अशा शेकडो ठिपक्यांवर धातू धातूला धरून राहतो. अख्ख्या पट्ट्यावर वेल्ड झालेले नसते. ठिपक्याठिपक्याला टाके पडलेले असतात. काही महिन्यांनी त्यांत ओलाव्याची भर पडली की टाक्यांमधल्या फटी कळंकाने भरतात. तांब्याचा हा हिरवट-काळा थर मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फट भरताना तो पाचरीसारखा घट्ट बसतो.

दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक फरक असल्यामुळे हे घडते, असेही टिपणात आहे. शुद्ध तांबे आणि शुद्ध जस्त यांच्या विभवात एक व्होल्टहून अधिक अंतर आहे हे खरे (तांबे +०.३४, जस्त −०.७६), पण इथे शुद्ध जस्त कुठे आहे? पितळ आणि जॅकेटचा मिश्रधातू गॅल्व्हॅनिक क्रमवारीत (धातूंच्या विद्युत-रासायनिक यादीत) शेजारीशेजारी बसतात. शिवाय ही विक्रिया चालायला पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार लागतात. पुंगळी धुतल्यावर राहिलेला साबण, सायट्रिक ॲसिडचा अंश, हाताचा घाम हे सगळे ते पुरवतात. म्हणून गॅल्व्हॅनिक कारण हे ओलाव्याच्या मागून येते, पुढून नाही. कोरड्या, नीट धुतलेल्या काडतुसांतही गोळी चिकटते, आणि तिथे पहिले कारण एकटेच पुरते.

वापरलेल्या पुंगळीच्या मानेत जळालेल्या पावडरचा (बारुदाचा) काळा कार्बन असतो. रिलोडिंग करणाऱ्यांच्या स्वच्छताप्रेमाचा राग बहुधा याच काजळीवर निघतो. पण ती काजळी म्हणजे फुकटचे कोरडे वंगण आहे. पितळ आणि जॅकेट यांच्यामध्ये ती पडदा होऊन राहते. स्टेनलेस स्टीलच्या पिना घातलेल्या ओल्या टम्बलरमध्ये (फिरत्या पिंपात) पुंगळ्या दोन-तीन तास फिरवल्या की हा पडदा आतून पूर्ण निघून जातो. सोबत पिनांचा मार बसून पुंगळीच्या तोंडाची कड आत वळते. ती चॅम्फर करून (तिरकी कापून) साफ केली नाही, तर गोळी बसताना जॅकेटवर उभे ओरखडे पडतात. म्हणजे उघडा धातू आणखी वाढला!

धातू धातूला धरतो याचा सगळ्यात बोलका दाखला १९२१ सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकेतील फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी दारूगोळा कारखान्याने राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी .३०-०६ या मापाची जी रायफल काडतुसे काढली, त्यांच्या गोळ्यांवर कथलाचा मुलामा होता, आपल्या भाषेत कल्हई. जुन्या क्युप्रोनिकेल (तांबे-निकेल) जॅकेटचा धातू नळीत चिकटून राहतो, तो राहू नये हा हेतू. नळी स्वच्छ राहिलीही, पण कथील मानेच्या पितळेला असे धरून बसले की गोळी ओढून काढायला लागणारा जोर कित्येक पटींनी वाढला. त्यातच गोळीला ग्रीस लावण्याची नेमबाजांची जुनी सवय. ते ग्रीस मान आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) यांच्यातल्या फटीत भरले. बार उडताना मान फुगून गोळी सोडते, त्या फुगण्यालाच जागा उरली नाही. चिकटलेली गोळी आणि न फुगणारी मान एकत्र आल्यावर दाब धोक्याच्या पातळीवर गेला. कल्हईचा प्रयोग तिथेच आवरला आणि पुढे तांबे-जस्ताच्या जॅकेटने क्युप्रोनिकेलची जागा घेतली. आपल्या डब्यातल्या काडतुसांत कथील नाही, तेव्हा इतका घात होत नाही. पण गोळी चिकटलेली असताना मानेवर वा चेंबरमध्ये तेल-ग्रीस नको, हा धडा आजही लागू आहे.

चिकटलेल्या गोळीमुळे बार उडताना नेमके काय बिघडते? प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पेटल्यावर पावडर जळू लागते, दाब चढतो आणि ठरावीक जोरावर गोळी सुटते. ती उशिरा सुटली तर पावडर जास्त दाबाखाली जळायला सुरुवात होते आणि पुढचा सगळा आलेख वर सरकतो. मध्यम भरणीच्या काडतुसात हे कळतही नाही. तक्त्यातल्या कमाल मापाला टेकलेल्या भरणीत प्रायमर चपटा होणे, बोल्ट (रायफलीची चेंबर बंद करणारी कडी) जड उचलणे ही लक्षणे दिसू लागतात. त्याहून नेहमीचा त्रास म्हणजे विषमता. एकाच डब्यातल्या पन्नास काडतुसांपैकी बारा चिकटलेली, वीस अर्धवट, बाकी मोकळी असतील तर वेग एकसारखा येणार नाही. लांब पल्ल्याच्या रायफलीत ९०० मीटरवर सेकंदाला सहा मीटरचा वेगफरक निशाणा वीतभर खाली-वर करतो. आडवा गट घट्ट आणि उभा विस्कटलेला दिसला, वाऱ्याचा दोष सापडत नसला, तर आधी काडतुसाची मान तपासावी.

तपासणी सोपी आहे. त्या खेपेतली पाच काडतुसे घ्या. कम्पॅरेटर (मोजपट्टीला लावायचा जोड) लावून पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या ओजाइव्हपर्यंतची (टोकाकडे वळणाऱ्या भागापर्यंतची) लांबी मोजून लिहा. सीटिंग डायचा (प्रेसमध्ये गोळी बसवणाऱ्या साच्याचा) खुंट गोळीला नुसता टेकेल इतका खाली घ्या, मग ०.००२-०.००३ इंचाच्या टप्प्याने उतरवत प्रेसचा दांडा अगदी सावकाश दाबा. ताजी भरलेली गोळी एकसारख्या जोराने सरकते, दांड्याला काहीच सांगावेसे वाटत नाही. चिकटलेली गोळी आधी अडते, दांडा कडक लागतो, आणि मग एकदम ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन हात हलका पडतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मोठ्या प्रेसच्या तरफेत तो हरवू शकतो. जोर दाखवणारा गेज बसवलेला आर्बर प्रेस (हाताने दाबायचा छोटा प्रेस) असेल तर काटाच उडी मारून दाखवतो. तुलनेसाठी त्याच पुंगळ्या, त्याच गोळ्या आणि तीच मानेची पकड वापरून दोन काडतुसे नव्याने भरून तीही दाबून पाहावीत. त्याशिवाय ‘कडक’ म्हणजे किती हे ठरत नाही. पावडर दाबून भरलेली असेल तर ही चाचणी फसवते, कारण तिथे पावडरही विरोध करते.

दाबल्यावर पुन्हा लांबी मोजावी. अडकून एकदम सुटलेल्या गोळ्या सारख्या खोल जात नाहीत. प्रेसची चौकट ताणलेली असते, ती सुटताना कुणी जास्त सरकते, कुणी कमी. तोच डाय न हलवता दुसऱ्यांदा सावकाश दाबला की बहुतेक सारख्या होतात. फार घट्ट बसलेल्या गोळीच्या ओजाइव्हवर खुंटाचे वर्तुळ उमटते. ते ठळक असेल तर ती काडतुसे सरावाला काढावीत, स्पर्धेला नाही.

कारण ओळखायचे तर दोन-तीन गोळ्या बाहेर काढून दहा पट भिंग लावावे. मानेत बसलेल्या पट्ट्यावर हिरवट वा काळसर कडे दिसले, विशेषतः पुंगळीच्या तोंडाशी, तर ओलावा शिरला होता. पट्टा लख्ख आहे, पण तांबूस जॅकेटवर पिवळसर ठिपके आणि उभे ओरखडे आहेत, तर ते कोरडे चिकटणे. मान आतून फार घासली गेली होती. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे पाहणे टाळू नये.

आता उपायांविषयी. पहिला म्हणजे काही न करणे. मानेतली काजळी राहू द्या, नायलॉनच्या ब्रशचे दोन-तीन हात मारून सैल कण तेवढे काढा. अक्रोडाच्या टरफलाच्या वा मक्याच्या कणसाच्या भुशात कोरडे टम्बलिंग केले तर बाहेरून पुरेशी चमक येते आणि आतला थर बराचसा टिकतो. ओले धुवायचेच असेल तर पिना न घालता १५-२० मिनिटे पुरतात. चार लिटर पाण्याला पाव ते अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड आणि थोडा साबण. ॲसिड जास्त झाले तर ते पितळेतले जस्त ओढून घेते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. ती गुलाबी छटा कौतुकाची नाही. नंतर साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यावे. प्रायमरच्या खळग्यात पाणी दडते, म्हणून पुंगळ्या तोंड खाली करून दिवसभर कोरड्या हवेत ठेवाव्यात किंवा ९० ते १०० अंश सेल्सिअसला तासभर तापवाव्यात. त्यापुढे तापमान वाढवून मिळत काही नाही. अडीचशे अंशांच्या आसपास पितळ मऊ पडू लागते आणि पुंगळीचे बूड मऊ होणे म्हणजे संकट.

पिनांनी घासून झालेल्या पुंगळ्या टाकून द्यायच्या नाहीत, काढलेला पडदा परत घालायचा. सुके ग्रॅफाइट सर्वांत सोपे. बारीक मण्यांत ग्रॅफाइट मिसळून एका छोट्या बरणीत ठेवायचे, गोळी बसवण्याआधी मान त्यात एकदा बुडवायची, किंवा ग्रॅफाइट लावलेला कापसाचा बोळा आतून एकदा फिरवायचा. बाहेर लागलेले पुसून घ्यायचे. आत राखाडी छटा दिसली की झाले, ढीग नको. हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडची पांढरी पूड किंवा अभ्रकाची पूडही चालते. मात्र एक ठरवून तेच सगळ्या खेपेला वापरावे. पन्नासातल्या तिसांना ग्रॅफाइट आणि वीस कोरड्या, ही विषमता आपणच तयार केलेली असेल. तेल आणि ओले वंगण मानेत अजिबात नको. ते झिरपत पावडरपर्यंत आणि पुढे प्रायमरपर्यंत पोहोचते, मग बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. गोळ्याही उघड्या घामट हातांनी चिवडू नयेत.

लांब पल्ल्याचे अनुभवी नेमबाज यावर आणखी एक युक्ती करतात आणि ती सगळ्यात खात्रीची आहे. साठवणीसाठी भरताना गोळी ठरलेल्या लांबीपेक्षा ०.०१५ ते ०.०२० इंच बाहेर ठेवायची आणि स्पर्धेच्या आदल्या एक-दोन दिवसांत शेवटच्या मापाला बसवायची. मधल्या काळात पडलेले टाके त्या शेवटच्या दाबाने तुटतात आणि सगळी काडतुसे एकाच दिवशी ‘ताजी’ होतात. यात धोका एकच, पण खरा आहे. अर्धवट बसवलेले काडतूस चुकून चेंबरमध्ये गेले तर गोळी नळीच्या खाचांत रुतते. बोल्ट मागे ओढला की गोळी नळीत राहते आणि पुंगळीतली पावडर रायफलीच्या पोटात सांडते. म्हणून अशा डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘अंतिम सीटिंग बाकी’ असे लिहिलेले असलेच पाहिजे.

टाके तोडण्यासाठी गोळी आत ढकलण्याची ही युक्ती बाटलीसारख्या खांद्याच्या रायफल पुंगळीपुरती आहे. तिथे ०.००५ इंच खोलीने आतल्या जागेत नगण्य फरक पडतो. पिस्तुलाच्या, उदाहरणार्थ ९ मिलिमीटरच्या, लहान सरळ पुंगळीत गोळी थोडी जरी खोल गेली तरी जागा पटकन घटते आणि दाब झपाट्याने चढतो. क्रिम्प केलेल्या (पुंगळीची कड दाबून पक्की केलेल्या) गोळीला तर मुळीच ढकलू नये. क्रिम्पची कड जॅकेटमध्ये घुसते आणि मानेला वा भिंतीला फुगवटा येतो. अशी काडतुसे संशयास्पद वाटली तर सोडवून टाकावीत.

सोडवण्याचेही तंत्र आहे. कायनेटिक हातोडीचे (काडतूस आत धरून आपटायच्या, झटक्याने गोळी सोडवणाऱ्या हातोडीचे) वीस-वीस ठोके खाऊनही चिकटलेली गोळी हलत नाही, आणि माणूस चिडून जोर वाढवतो. त्याऐवजी आधी सीटिंग डायने ती ०.००५ ते ०.०१० इंच आत ढकलून ‘टक्’ ऐकावे. त्यानंतर चार-सहा ठोक्यांत सुटते. अर्थात वर सांगितलेल्या क्रिम्प केलेल्या आणि पिस्तुलाच्या काडतुसांना कोलेट पुलरच (गोळी पकडून ओढणारा प्रेसचा जोड) बरा. तो सावकाश ओढतो, मात्र गोळीचा सरळ भाग बाहेर पुरेसा नसेल तर निसटतो. हातोडी ठोकायला डुगडुगते टेबल नको, उभ्या तंतूंचा लाकडी ठोकळा घ्यावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. रिमफायर काडतुसे (ज्यांच्या बुडाच्या कडेतच पेटणारा मसाला असतो) आणि ट्रेसर (जळत माग दाखवणाऱ्या) वा स्फोटक गोळ्या हातोडीत कधीही घालू नयेत. सुटलेल्या गोळीवर ओरखडे असतातच, ती सरावाला. पावडर कुठली हे डब्यावरच्या नोंदीवरून खात्रीने माहीत असेल तरच तिच्या मूळ डब्यात जाते. रंगावरून, दाण्यांच्या आकारावरून ओळख पटवण्याचा मोह धरू नये. आणि भरलेले काडतूस गरम करून गोळी सैल करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुढे काहीच शिकू नये.

साठवणीबद्दल थोडे. हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि तापमान फार वरखाली होणार नाही अशी जागा. थंड डबा दमट हवेत उघडला की पितळेवर दव धरते, म्हणून तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. कातडी पट्ट्याच्या कप्प्यांत काडतुसे महिनोन्‌महिने ठेवू नयेत, कातडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा कीट चढतो. सर्वांत घातक अमोनिया. गोळीने ताणून धरलेली मान सतत ताणाखाली असते आणि ताणाखालच्या पितळेला अमोनियाची वाफ लागली की उभी चीर जाते. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात अशीच फुटत. ती घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत. हवेतला ओलावा आणि लिदीमुताचा अमोनिया एकत्र आला. त्या मोसमावरून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले आणि त्याचे शास्त्रीय कारण १९२१ मध्ये, त्या कल्हईच्या गोळ्यांच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. भांडी चमकवण्याच्या काही पॉलिशमध्येही अमोनिया असतो, तेव्हा पुंगळ्यांसाठी घेताना बाटलीवरचे वाचूनच घ्यावे. मानेवर उभी चीर दिसलेले काडतूस सोडवून पुंगळी चेपून टाकावी.

किती काळाने गोळी चिकटते याला ठरावीक उत्तर नाही. काहींना सहा महिन्यांत आढळते, काहींची दहा वर्षांची काडतुसे मोकळी निघतात. पुंगळी कशी धुतली, मानेत काय लावले, पकड किती ठेवली, डबा कुठे होता, यावर ते ठरते. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीत पावडर, प्रायमर, गोळी यांच्याबरोबर या चारही गोष्टी आणि भरल्याची तारीख लिहावी, आणि दर वर्षी त्यातली पाच काडतुसे प्रेसवर दाबून पाहावीत.

आपला,
एक रिलोडर वाचक